समरूप त्रिकोण : उत्तर 9 की 15? स्केल फॅक्टर काढायचा तरी कसा?

रेशीमबागेतला_बाप | 21 जुलै, रात्री 10:48

नमस्कार मंडळी,

लेक यंदा दहावीला. भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपता. जेवणं आटोपली आणि ही वही घेऊन समोर उभी. गणित एवढंच: त्रिकोण अबक. अब वर द बिंदू, अक वर इ बिंदू. रेख दइ ही बक ला समांतर. अद 4, दब 6, दइ 6. तर बक किती?

तिनं लिहिलं 4/6 = 6/बक, म्हणून बक 9. मी पाहिलं, म्हटलं बरोबर आहे. मग मागची उत्तरं उघडली तर 15! त्यानंतर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी बी.कॉम. टक्केवारीत कुणी माझा हात धरणार नाही, पण भूमिती सुटून पंचवीस वर्षं झाली. दोन समरूप आकृत्या दिल्या की कुणाला कुणानं भागायचं, हे ओळखायची पक्की रीत आहे का? लहानाला मोठ्यानं की मोठ्याला लहानानं? आणि खरं सांगतो, 9 चूक का, हे मला अजून पटलेलं नाही. शुक्रवारी चाचणी आहे.

मानेवाडा_एक्सप्रेस | 21 जुलै, रात्री 11:02

भाऊ, मी बी करून पाह्यलं. मले बी 9 च आलं. मंग मी मोबाइल ठेवून देल्ला.

चौकोनी_चिवडा | 21 जुलै, रात्री 11:05

9 आणि 15 ची सरासरी 12. चाचणीत 12 लिहा, अर्धे मार्क तरी मिळतील.

मुठेकाठी | 21 जुलै, रात्री 11:31

उत्तर 15 च. 4/10 = 6/15. दब ही त्रिकोणाची बाजूच नाही, ती बाजूचा तुकडा आहे. अद + दब = 10 ही मोठ्या त्रिकोणाची बाजू. मूलभूत गोष्ट आहे.

मानेवाडा_एक्सप्रेस | 21 जुलै, रात्री 11:34

आलं पुणं.

गणिताच्या_बाई | 22 जुलै, सकाळी 6:20

मुठेकाठी, उत्तर बरोबर आहे, पण "मूलभूत गोष्ट आहे" म्हटल्यानं कुणाला काही समजत नाही. एकतीस वर्षं दहावीला शिकवलं, दर वर्षी निम्म्या वर्गाचं उत्तर 9 येई. मुलं मठ्ठ होती म्हणून नाही. त्याच प्रकरणात आधी प्रमाणाचं मूलभूत प्रमेय येतं. समांतर रेषा दोन बाजूंना सारख्या प्रमाणात छेदते, म्हणून अद/दब = अइ/इक. तिथं 4/6 अगदी योग्य! मुलांच्या डोक्यात 4/6 पक्कं बसतं आणि चार पानांनंतर आपण दइ आणि बक विचारतो. त्या प्रमेयात दइ आणि बक हे कुठेच नाहीत. ते येतात समरूपतेतून, आणि समरूपता असते अख्ख्या त्रिकोणांची.

मी काय करायचे ते सांगते. वर्तमानपत्राचा मोठा त्रिकोण कापायचा. तसाच दुसरा कापून त्यातून लहान त्रिकोण काढायचा. लहान मोठ्यावर ठेवायचा, अ वर अ. मग विचारायचं, लहानाची डावी बाजू कुणाची धाकटी बहीण? मुलं बोट फिरवून सांगत, मोठ्याच्या डाव्या बाजूची. वरपासून खालपर्यंत! मग दब कुणाची कोण? कुणाचीच नाही. ती उरलेली फट आहे.

आता कागदावरची रीत. लहान त्रिकोणाचं नाव लिहा, अदइ. बरोब्बर त्याखाली मोठ्याचं लिहा, अबक. अक्षराखाली अक्षर आलं पाहिजे आणि वरखालची अक्षरं एकाच मापाच्या कोनांची पाहिजेत. अ खाली अ. द खाली ब, कारण समांतर रेषांमुळे ते संगत कोन. इ खाली क. आता पहिली दोन अक्षरं वाचा: वर अद, खाली अब. शेवटची दोन: वर दइ, खाली बक. टोकाची दोन: वर अइ, खाली अक. झाली तिन्ही गुणोत्तरं. यात दब वाचताच येत नाही, म्हणून चूकही होत नाही.

पाठ्यपुस्तकात याला "संगत बाजूंचे गुणोत्तर" म्हणतात. स्केल फॅक्टर हा शब्द मुलं मोबाइलवरून आणतात. माझी हरकत नाही.

रेशीमबागेतला_बाप | 22 जुलै, सकाळी 8:10

बाई, अक्षराखाली अक्षर ही युक्ती लेकीला डब्याच्या घाईत दाखवली. पोळी हातात धरून म्हणाली, "अगं बाई, एवढंच?" (बाई तुम्हाला नाही, ती सगळ्यांनाच म्हणते.)

पण लहान भागिले मोठा की उलट?

नकाशेवाला | 22 जुलै, सकाळी 9:45

दोन्ही चालतं, एका गणितात बदलू नका म्हणजे झालं. लहानावरून मोठं काढायचं असेल तर 10/4, म्हणजे अडीच पट. मोठ्यावरून लहान काढायचं असेल तर 4/10, म्हणजे 0.4 पट. वाढ असेल तर आकडा 1 च्या वर, घट असेल तर 1 च्या खाली. उत्तर आल्यावर डोळ्यानं पाहायचं. बक ही दइ पेक्षा लांब दिसते ना? मग दइ ला 1 पेक्षा मोठ्याच आकड्यानं गुणलं पाहिजे.

9 चूक का, याची याहून सोपी तपासणी आहे. बक 9 धरली तर पाया वाढला दीडपट, 6 चे 9. डावी बाजू वाढली अडीचपट, 4 चे 10. एकाच आकृतीत दोन आकडे? मग ती आकृती वेडीवाकडी झाली, समरूप कसली. स्केल फॅक्टर एकच असतो आणि सगळीकडे तोच चालतो.

मी तीस वर्षं बांधकामाचे नकाशे काढतोय, आधी टी-स्क्वेअरवर, आता कॉम्प्युटरवर. आमचं पोटच यावर आहे, म्हणून एक किस्सा. एका गिऱ्हाइकाचा 9 मीटर बाय 15 मीटरचा प्लॉट (हो, तेच 9 आणि 15, योगायोग). नकाशा 1:100, म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर जागेवर 1 मीटर. त्यानं परस्पर ए-टू चा कागद ए-थ्री वर छोटा करून घेतला आणि मिस्त्रीच्या हातात दिला. कोपऱ्यात अजून छापलेलं 1:100. मिस्त्री पट्टी लावून मोजत गेला. पॅसेज 1.2 मीटरचा, मूळ कागदावर 12 मिलिमीटर. छोट्या कागदावर भरले साडेआठ. मिस्त्रीनं आखला 85 सेंटिमीटर! मी साइटवर गेलो तेव्हा विटांचे तीन थर चढले होते आणि मालकीणबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या की इथून कपाट कसं जाणार. कोपरं दोन्ही भिंतींना टेकत होती.

त्या कागदाचं खरं प्रमाण झालं होतं 1:141. तेव्हापासून मी प्रत्येक नकाशावर 1:100 लिहितोच, वर पाच मीटरची आखीव पट्टीही काढतो. कागद आकसला की पट्टीही तेवढीच आकसते, खोटं बोलू शकत नाही. आणि मिस्त्रीला सांगतो, माप लिहिलं असेल तर वाचायचं, मोजायचं नाही.

झेरॉक्स_सम्राट | 22 जुलै, दुपारी 1:15

नकाशेवाले साहेब, दोष आमच्यावर आला तर बोलावं लागेल. सीताबर्डीत पंचवीस वर्षं मशीन चालवतो.

ए-फोर 210 बाय 297 मिलिमीटर, ए-थ्री 297 बाय 420. लांबी भागिले रुंदी दोन्हीकडे 1.414, म्हणजे 2 चं वर्गमूळ. म्हणून ए-फोरचा ए-थ्री करायला मशीनवर 141 टक्क्यांचं बटण आणि उलट 71 टक्क्यांचं. ए-थ्री मधोमध दुमडला की दोन ए-फोर, आणि दोन्ही मूळ कागदाशी समरूप. कुठलाही कागद दुमडून बघा, असं होत नाही. ही सोय फक्त 2 च्या वर्गमुळात आहे.

आता गिऱ्हाईक. येतो नि म्हणतो, "दादा, डबल करून द्या." मी 200 दाबलं तर लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, चार ए-फोर जोडावे लागतील. त्याला हवा असतो दुप्पट कागद, म्हणजे ए-थ्री, म्हणजे 141. रोज एक तरी भांडण यावर.

आणि लीगल कागद! साडेआठ इंच बाय चौदा. त्याचा ए-फोर करा म्हणतात. रुंदी बसवायला 97 टक्के पुरतं, लांबी बसवायला 83 लागतं. दोन आकडे वेगळे आले, म्हणजे समरूप नाही. मी 83 टाकतो, बाजूला पांढरी पट्टी उरते, आणि गिऱ्हाईक म्हणतो मशीन खराब आहे.

चौकोनी_चिवडा | 22 जुलै, दुपारी 1:22

मशीन नाही, कागदाची वंशावळ खराब आहे.

तर्रीबाज | 22 जुलै, दुपारी 2:40

हे सगळं वाचून एक शंका. टपरीवाल्यानं पोह्याची प्लेट 6 इंचांवरून 8 इंचांची केली, भाव 20 वरून 30. आपण फसलो की कमावलं?

गणिताच्या_बाई | 22 जुलै, दुपारी 3:05

व्यास 4/3 पट, तर प्लेटचं क्षेत्रफळ 16/9 पट, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडं जास्त. भाव दीडपट. पोह्याचा थर तेवढाच जाड असेल तर तुम्ही कमावलं. ढीग त्याच आकाराचा आणि उंचीनंही 4/3 पट असेल तर घनफळ 64/27, सव्वादोन पटींच्या वर. मग टपरीवाला लवकरच बंद पडेल.

तर्रीबाज | 22 जुलै, दुपारी 3:11

थर पातळ केलाय त्यानं. आता कळलं.

मानेवाडा_एक्सप्रेस | 22 जुलै, दुपारी 3:15

आन तर्री वरून टाकते का नाई, थे सांगा पयले. क्षेत्रफळ गेलं खड्ड्यात.

मुठेकाठी | 22 जुलै, दुपारी 4:00

क्षेत्रफळाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे जमीन गुंठ्यात. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे 1 गुंठा. चुलत्यांनी 66 बाय 66 चा तुकडा "दोन गुंठे" समजून बोलणी सुरू केली होती. तो चार गुंठे असतो! बाजू दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. समोरचा गप्प बसून हो हो म्हणत होता. आजीनं काडीनं अंगणात चौकोन काढून त्यात चार चौकोन मोजले, तेव्हा चुलते थांबले.

मानेवाडा_एक्सप्रेस | 22 जुलै, दुपारी 4:04

आजीले आमच्याकडून नमस्कार. पुण्यात एक तरी मानूस कामाचा हाय.

चितारओळीतला | 22 जुलै, रात्री 9:30

सध्या हात मातीत आहेत, म्हणून उशिरा. आमच्या गल्लीत आता बाप्पांची घाई. दर वर्षीचा संवाद: "एक फुटाची केवढ्याला? मग दोन फुटाची दुप्पट घ्या ना, चौपट काहून?"

आता तुम्हीच सांगा. उंची दुप्पट म्हणजे रुंदीही दुप्पट आणि पोटही दुप्पट. रंगवायचा पृष्ठभाग 4 पट. भरीव असेल तर माती 8 पट. चार फुटांची असेल तर रंग 16 पट, भरीव माती 64 पट. अर्थात मोठी मूर्ती भरीव कुणी करत नाही. आत लाकूड आणि गवताचा सांगाडा, वर मातीचा थर. थराची जाडी तेवढीच ठेवली तर माती 16 पटच लागेल, पण तेवढ्या पातळ थरानं हात धरत नाही. म्हणून 16 आणि 64 च्या मधे कुठेतरी. वडील आकडा न काढता पाट्या मोजून सांगत. क्वचितच चुकत.

अजून एक गंमत, जी पुस्तकात नसेल. ओली माती वाळताना आकसते. सगळीकडून सारखी आकसली तर मूर्ती थोडी लहान होते, चेहरा तोच राहतो. म्हणजे तुमच्या भाषेत समरूप, स्केल फॅक्टर 1 पेक्षा जरा कमी. पण आतलं गवत आकसत नाही. माती ओढते, गवत सोडत नाही, आणि गळ्यापाशी तडा जातो. मग चिंधी आणि पातळ चिखल घेऊन रात्री बसायचं. सध्या तेच करून राहिलो.

नकाशेवाला | 22 जुलै, रात्री 10:02

वा! धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद. दोन भागांचे स्केल फॅक्टर वेगळे झाले की तडा. आमच्या काँक्रीटमध्येही असंच भांडण असतं, पण ते पुन्हा कधी.

जयताळा_रोड | 23 जुलै, सकाळी 7:50

दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या स्तूपावरून बेतलेला आहे हे सगळ्यांना माहीत. मग त्याचा स्केल फॅक्टर किती? मुलाला प्रोजेक्टला द्यायचा विचार आहे.

नकाशेवाला | 23 जुलै, सकाळी 10:30

छान प्रश्न, पण उत्तर "एकच आकडा नाही" असं आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे 36.6 मीटर, म्हणजे साधारण 120 फूट. उंची साधारण साडेसोळा मीटर, म्हणजे 54 फूट. दीक्षाभूमीच्या घुमटाचा व्यास 120 फूट सांगतात आणि उंचीही 120 फूट. व्यासाचं गुणोत्तर 1, उंचीचं सुमारे 2.2. भूमितीच्या अर्थानं समरूप नाहीत.

आणि ते तसंच व्हायला हवं होतं. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, त्यात माणसं जात नाहीत. इथला पोकळ आहे, आत हजारो लोक येतात. वास्तुविशारद शिवदान मल यांनी रूप सांचीचं घेतलं, मापं गरजेची घेतली. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. प्रोजेक्ट हाच करा: दोन्हींची मापं मांडा, गुणोत्तरं काढा आणि "प्रेरित" आणि "समरूप" यांतला फरक दाखवा.

जयताळा_रोड | 23 जुलै, सकाळी 10:41

हे तर ठरवलं होतं त्यापेक्षा भारी झालं. धन्यवाद.

कडुनिंबाखाली | 23 जुलै, संध्याकाळी 6:15

माझा प्रश्न घरगुती. अंगणातला कडुनिंब विजेच्या तारेपर्यंत गेलाय, छाटण्याआधी उंची हवी होती. 5 फुटांची काठी उभी केली, सावली 3 फूट 4 इंच. म्हणजे 60 इंचाला 40 इंच, उंची सावलीच्या दीडपट. झाडाची सावली मोजायला गेलो तर 20 फुटांवर कंपाउंडची भिंत, आणि सावली भिंतीवर 4 फूट चढलेली. मी 20 + 4 = 24 धरून 36 फूट काढलं. मेहुणा म्हणतो 20 ची दीडपट 30. बायको म्हणते माणूस बोलवा.

मुठेकाठी | 23 जुलै, संध्याकाळी 6:50

तुम्हीही चूक, मेहुणाही चूक. 34 फूट. भिंतीवर सावलीचं टोक जमिनीपासून 4 फूट वर आहे. त्या टोकातून जमिनीला समांतर आडवी रेषा झाडापर्यंत न्या. त्या रेषेच्या वर जो त्रिकोण उरतो त्याचा पाया 20, म्हणून उंची 30. खालचे 4 फूट तसेच मिळवा. उभ्या भिंतीवरच्या 4 फुटांना दीडपट लागू होत नाही, कारण ती सावली जमिनीवर पडलेलीच नाही.

सावलीचं गणित आपल्याकडे जुनं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 मध्ये, छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. त्यातलं एक उदाहरण: दिवा साडेतीन हात उंच, दिव्यापासून 3 हातांवर 12 अंगुळांचा शंकू (म्हणजे उभी रोवलेली काठी), त्याची सावली किती? हात म्हणजे 24 अंगुळं. दिवा 84 अंगुळं, अंतर 72, सावली निघते 12 अंगुळं. आता बाईंची रीत लावा. लहान त्रिकोण शंकू आणि त्याची सावली, 12 आणि 12. मोठा त्रिकोण दिवा आणि दिव्यापासून सावलीच्या टोकापर्यंतची जमीन, 84 आणि 72 + 12 = 84. सातपट, दोन्हीकडे. पण कुणी नुसतं 72 धरलं तर 72/12 = 6 येतं आणि गाडी घसरते. पहिल्या पोस्टमधली चूक हीच. दब घेतली, अब घ्यायची राहिली.

गणिताच्या_बाई | 23 जुलै, संध्याकाळी 7:20

मुठेकाठी, पहिल्या प्रतिसादाबद्दल बोलले ते मागे घेते. हे सुरेख समजावलंत.

मुठेकाठी | 23 जुलै, संध्याकाळी 7:24

आभारी आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

चौकोनी_चिवडा | 23 जुलै, संध्याकाळी 7:31

कडुनिंबवाले, सावली मोजायला मे च्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी जाऊ नका. नागपूर 21 अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. काठीची सावली शून्य, झाडाच्या शेंड्याची सावली बुंध्यात. शून्यानं भागायला लागेल. तसंही त्या वेळी नागपुरात बाहेर उभा राहणारा माणूस गणित करण्याच्या अवस्थेत नसतो.

मानेवाडा_एक्सप्रेस | 23 जुलै, संध्याकाळी 7:40

दुसऱ्यांदा जुलैत येते ना थो दिवस? गेल्या आठवड्यात गेला. ढग होते, कोनाची सावली पडलीच नाई. ना झाडाची, ना काठीची.

नकाशेवाला | 23 जुलै, रात्री 9:15

सावलीवरून भारताच्या मोजणीची आठवण झाली. विल्यम लॅम्ब्टननं 1802 मध्ये मद्रासजवळ साखळीनं जमिनीवर एक रेषा मोजली. त्यानंतर अख्ख्या देशावर त्रिकोणांचं जाळं विणलं. प्रत्येक त्रिकोणाच्या सगळ्या बाजू मोजल्या नाहीत, कोन मोजले. कोन कळले की त्रिकोणाचं रूप कळतं, माप नाही. तेच कोन वहीवर काढा की मैदानावर, दोन्ही समरूप. माप यायला एक लांबी पुरते. ती मद्रासची रेषा म्हणजे सगळ्या जाळ्याचा स्केल फॅक्टर. मधे मधे ताळा पाहायला पुन्हा रेषा मोजत, पण मूळ कल्पना हीच. को-को (कोन-कोन) कसोटीत लांबी का लागत नाही, असं मुलं विचारतात ना, त्याचं उत्तर यात आहे.

हा लॅम्ब्टन 1823 मध्ये आपल्या शेजारी हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. आपण झिरो माइलच्या खांबापाशी सेल्फी काढतो आणि हिंगणघाटला बस फक्त चहासाठी थांबते.

जयताळा_रोड | 23 जुलै, रात्री 9:22

झिरो माइल म्हणजे भारताचा मध्य, हे खरं ना?

नकाशेवाला | 23 जुलै, रात्री 9:25

त्यावर वेगळा धागा काढा. मी येणार नाही.

रेशीमबागेतला_बाप | 24 जुलै, रात्री 9:50

उद्या चाचणी. एक गणित अडलंय. काटकोन त्रिकोण, बाजू 6, 8, कर्ण 10. काटकोनातून कर्णावर लंब टाकला की तीन त्रिकोण होतात, तिन्ही समरूप म्हणे. इथं अक्षराखाली अक्षर लिहायचं तर कुठलं कुणाखाली? सगळे वेगवेगळ्या दिशेला झोपलेत.

गणिताच्या_बाई | 24 जुलै, रात्री 10:05

दिशा विसरा. प्रत्येक त्रिकोणाच्या बाजू लहान, मधली, कर्ण अशा क्रमानं एका ओळीत लिहा. मोठा: 6, 8, 10. लंब येतो 6 × 8 / 10 = 4.8. त्यानं कर्णाचे दोन तुकडे होतात, 3.6 आणि 6.4. एक त्रिकोण 3.6, 4.8, 6. दुसरा 4.8, 6.4, 8. आता भागा. पहिला मोठ्याच्या 0.6 पट, तिन्ही ठिकाणी. दुसरा 0.8 पट, तिन्ही ठिकाणी. बघा, तोच 4.8 एका त्रिकोणात मधली बाजू आहे आणि दुसऱ्यात लहान. मुलं इथंच गोंधळतात, कारण त्यांना वाटतं सामाईक बाजूची जोडी स्वतःशीच. पहिल्या गणितात कोन अ सामाईक होता, त्याची जोडी स्वतःशीच. बाजूचं तसं नसतं.

आता क्षेत्रफळं काढा. 0.6 चा वर्ग 0.36, 0.8 चा वर्ग 0.64. बेरीज?

रेशीमबागेतला_बाप | 24 जुलै, रात्री 10:12

1. अर्थात, दोन तुकडे मिळून मोठा त्रिकोण होणारच.

थांबा. 0.36 + 0.64 = 1 ला 100 नं गुणलं तर 36 + 64 = 100. हा तर पायथागोरस!

गणिताच्या_बाई | 24 जुलै, रात्री 10:14

बी.कॉम. असून.

रेशीमबागेतला_बाप | 26 जुलै, सकाळी 11:20

चाचणी झाली. पहिल्याच प्रकारचं गणित आलं होतं, वर आणखी एक शेपूट: त्रिकोण अदइ चं क्षेत्रफळ 8 असेल तर चौकोन दबकइ चं किती? लेकीनं अडीच चा वर्ग 6.25 काढला, 8 ला गुणून 50 आणला, त्यातून 8 वजा करून 42 लिहिलं. मी घरी केलं तेव्हा 50 लिहून मोकळा झालो होतो. वजाबाकी विसरलो. तिनं या वेळी माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ वही मिटली.

अर्धा मार्क मात्र गेला. समांतर रेषांमुळे संगत कोन, हे कारण कंसात लिहायचं राहिलं.

गणिताच्या_बाई | 26 जुलै, सकाळी 11:45

तो मीही कापला असता.

कडुनिंबाखाली | 26 जुलै, दुपारी 12:30

माणूस बोलावला. शिडी लावून टेपनं मोजलं, साडेतेहतीस फूट. मेहुणा म्हणतो शेंडा धरला नाही.

उमरेडकर_नवीन | 29 जुलै, रात्री 12:05

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण गणित अगदी सोपं आहे हो. 4/6 = 6/बक, म्हणून बक = 9. यावर एवढी चर्चा कशाला?

गणिताच्या_बाई | 29 जुलै, सकाळी 6:15

या. बसा. घरात जुनं वर्तमानपत्र आणि कात्री आहे का?